तोंडी सांगितलेला नंबर

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. सांगायची वेळ आली नाही असं नाही, पुष्कळदा आली. प्रत्येक वेळी मी विषय बदलला, नाहीतर गोष्ट अशा जागी आणून थांबवली की पुढचं कुणी विचारू नये. तशी ती लहानशी आहे. एका ऑफिसातली, कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या एका बटणाची. तिच्यात कुणी मेलं नाही, कुणी रस्त्यावर आलं नाही. पण आमच्या त्या ऑफिसात ती आजही चुकीची सांगितली जाते, आणि तशी सांगितली जाते याला कारण मी आहे.

गेल्या दिवाळीत मी फराळाचा डबा घेऊन ऑफिसात गेलो होतो. रिटायर झालो तरी ही एक रीत मी ठेवली आहे. नवी मुलं कामाला लागली होती आणि माल पाठवण्याचं काम बघणारे आमचे जुने भैया त्यांना शिकवत होते. भैया पक्के जयपूरचे, तोंडानं फटकळ, मनानं मऊ. त्यांनी पडद्यावरच्या भिंगाच्या चित्राकडे बोट दाखवून मुलांना सांगितलं, "ये दूरबीन हर बार दबाना है. एक मैडम थीं, आपके काकासा के महाराष्ट्र की. एक बार नहीं दबाया और पूरा थान गलत जगह चला गया. पूछ लो काकासा से."

मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. होय, म्हणून. घरी आल्यावर चहा घेताना मला त्या मान हलवण्याची इतकी लाज वाटली की कप खाली ठेवावा लागला. त्या लाजेतूनच पुढे हे लिहायला बसलो.

मी मूळचा इचलकरंजीचा. आमच्याकडच्या मागांवरचं कोरं कापड छपाईला जयपूरला जायचं. त्या कापडावर देखरेख करायला एका व्यापाऱ्यानं मला तरुणपणी इकडे पाठवलं. एका हंगामासाठी आलो होतो. थंडी संपली की परत जायचं, असं आईला सांगून निघालो होतो. पण इथल्या एका रजई-चादरीच्या पेढीच्या मालकांनी, ज्यांना सगळे बाबूजी म्हणत, मला आपल्याकडे ठेवून घेतलं. मग लग्न झालं, जवाहर नगरात घर झालं, मुलं इथल्याच शाळांत शिकली. आता नातू मला "आजोबा, मतलब तुम्ही कधीच परत नाही गेले?" असं विचारतो. नाही गेलो बाबा. इथे बरं चाललं होतं.

ऑफिस बनी पार्कात, एका जुन्या बंगल्यात. काम असं, की कोरं कापड घ्यायचं, ते सांगानेर आणि बगरूच्या छपाईवाल्यांकडे पाठवायचं, छापून आलं की रजया, चादरी शिवून घ्यायच्या. छपाईवाले भरपूर, आणि त्यांची नावं एकसारखी. एकाच घराण्यातले काका, पुतणे, चुलतभाऊ, सगळे त्याच धंद्यात. म्हणून प्रत्येकाला मी एक नंबर दिला होता. कापडाच्या काठावर शाईनं तो नंबर पडायचा आणि थान, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, बरोबर त्या दारात पोचायचा.

ते सगळे नंबर मला तोंडपाठ होते. ऑफिसात कुणालाही नंबर लागला की तो जागेवरूनच हाक मारायचा, "काकासा, बगरूवाले, नहर के पास?" आणि मी हातातल्या कामावरून नजर न उचलता नंबर सांगायचो. फोनवर बोलता बोलता सांगायचो. तोंडात घास असला तर बोटांनी दाखवायचो. पाहुणे आले की बाबूजी मुद्दाम मला एखाददुसरा नंबर विचारायचे आणि मग पाहुण्यांच्या तोंडाकडे बघायचे. खरं सांगायचं तर आयुष्यात मला दुसऱ्या कशानंही इतकं सुख दिलं नाही. संध्याकाळी स्कूटरवरून घरी येताना मी गुणगुणत यायचो.

पुढे बाबूजी घरी बसले आणि त्यांचा मुलगा, आमचे भैयाजी (माल पाठवणारे भैया वेगळे), कारभार बघू लागले. त्यांनी कॉम्प्युटरवर नवीन सॉफ्टवेअर आणलं. त्यात पडद्यावर चौकोन असायचे. छपाईवाला कोण, कापड कोणतं, डिझाइन कोणतं, रंग कोणता. प्रत्येक चौकोनाच्या उजव्या बाजूला भिंगाचं चित्र असलेलं एक छोटं बटण. ते दाबलं की यादी उघडायची. वर दोन-चार अक्षरं टाकली की यादी आखडत जायची आणि हवं ते नाव सापडलं की त्यावर टिचकी मारायची. चौकोन आपोआप भरायचा. ऑफिसातल्या लोकांनी त्या बटणाला दूरबीन म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव पडलं.

सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या मुलांनी माझे नंबर आत भरले. भरताना काही नंबर एकमेकांवर आदळले, म्हणून थोडे बदलावे लागले. त्यांनी मला समोर बसवून ते बदल सांगितले. मी ऐकले, मान हलवली, आणि ते लक्षात ठेवायची काही गरज आहे असं मला वाटलं नाही. नंबर मी दिलेले. ते माझ्याशिवाय बदलतील कसे, अशी काहीशी माझी समजूत होती.

त्याच सुमारास ती आली.

ती नागपूरची. नवरा केंद्र सरकारच्या खात्यात, दर काही वर्षांनी बदली. लग्नाआधी तिनं कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं होतं, थोडी नोकरीही केली होती. मग बदल्या, मुलगी, सासूचं आजारपण, असं करत मधली बरीच वर्षं घरात गेली. आमच्याकडची नोकरी ही तिची पुन्हा सुरुवात होती. पहिल्याच दिवशी माझ्या पाठीमागे कुणीतरी फोनवर बोललं, "अगं, डब्यात पोळी आहे ना, मग काहून चिडून राहिली?" त्या ऑफिसात इतक्या वर्षांत मराठी मी फक्त माझ्याच तोंडून ऐकली होती. मी खुर्चीसकट वळलो.

"नागपूर का?" मी विचारलं.

"हो. तुम्ही कसं ओळखलं?"

"काहून ओळखणार नाही," मी म्हणालो, आणि ती इतकी हसली की भैया दारातून डोकावून गेले.

तेव्हापासून मी तिचा काका झालो. दुपारी आम्ही डबा एकत्र खायचो. तिची पाटवडी, माझ्या बायकोची शेंगदाण्याची चटणी. तिखट कुणाचं जास्त, सावजीचं की कोल्हापूरकडचं, यावर आमचं रोजचं भांडण. भैया मध्येच यायचे, दोन्ही डब्यांतलं चाखायचे आणि डोळ्यांतलं पाणी पुसत सांगायचे की तुमच्या महाराष्ट्रात भाजी नाही, नुसती शिक्षा वाढतात.

तिची कामाची एक पद्धत होती. कुठलाही चौकोन भरायचा तर ती बटण दाबूनच भरायची. मग तो छपाईवाला तासाभरापूर्वी तिनंच भरलेला का असेना. यादी उघडायची, अक्षरं टाकायची, नाव वाचायचं, गाव वाचायचं, मग टिचकी. इतर लोक नंबर थेट टाइप करायचे, नाहीतर मला हाक मारायचे. भैयांना तिच्या या सवयीची फार गंमत वाटायची.

"मैडमजी, दूरबीन से देख लिया? बगरू वहीं है, कि सरक गया?"

"बगरू वहीं है भैया. आपका टेम्पो ढूँढ रही हूँ, सुबह से दिखा नहीं."

मीही एकदा विचारलं होतं, की तुला आता निम्मे नंबर पाठ झाले असतील, मग कशाला दर वेळी ते भिंग. ती म्हणाली, "काका, डोक्यातलं जुनं होते, आणि जुनं झालं हे आपल्याला समजत नाही ना. यादी रोज ताजी राहते." मला तो टोमणा वाटला नाही. ती सहज बोलली होती. मी हसलो आणि माझ्या जागेवरून कुणालातरी नंबर सांगितला.

पण माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस म्हणून मला जे आठवतात, तेही त्याच काळातले. तिच्या डोक्यात आलं, की यादीत नुसतं नाव आणि गाव कशाला, प्रत्येक छपाईवाला कुठलं काम चांगलं करतो तेही असावं. चिखल लावून नीळ चढवणारा कोण, पांढऱ्या जमिनीवर बारीक बुट्टी छापणारा कोण, कुणाचा लाल धुण्यात टिकतो. हे सगळं माझ्याकडे होतं. मग दुपारचं काम आवरलं की मी तिच्या टेबलाशी खुर्ची ओढायचो. मी बोलायचो, ती भरायची. बोलता बोलता मला माणसं आठवायची. कुणाच्या अंगणात पावसाळ्यात कापड वाळत नाही, कुणाची आई ठप्पेवाल्या नातवांना हाका मारत फिरते. ती म्हणायची, "काका, हे यादीत नाही बसत. पण सांगा." सगळं भरून झाल्यावर तिनं बटण दाबलं, वर 'नीळ' टाकलं, आणि नीळ करणारे सगळे एकाखाली एक उभे राहिले. मी कितीतरी वेळ पडद्याकडे बघत होतो. ती म्हणाली, "बघा, आता तुम्ही बटणात गेले." मला आनंद झाला. खरंच झाला. तो आनंद होता आणि त्याच्या जोडीला दुसरंही काहीतरी होतं, ते तेव्हा मी नीट पाहिलं नाही.

हळूहळू माझ्या नावानं येणाऱ्या हाका कमी होऊ लागल्या. लोक बटण दाबायला शिकले.

त्या वर्षी तिच्या नवऱ्याची बदली ठरली. लांब, ईशान्येकडे. मुलगी गोपालपुऱ्यात कोचिंगला जायची, डॉक्टरीच्या प्रवेशाची तयारी करत होती आणि तिचं अजून एक वर्ष बाकी होतं. भैयाजींनी तिला सांगितलं होतं, की होळीनंतर तुम्हाला पक्कं करतो आणि सगळं सॉफ्टवेअर तुमच्या हाती देतो. तसं झालं तर मायलेकी वर्षभर इथेच खोली घेऊन राहणार होत्या. घरचेही त्याला तयार झाले होते, पण पक्की नोकरी असेल तरच. परक्या गावात बाईनं मुलीला घेऊन एकटं राहायचं, तेही कच्च्या नोकरीवर, हे त्यांना पटत नव्हतं. हे सगळं तिनं मला चहा पिताना सांगितलं. म्हणाली, "काका, पोरीचं तर आहेच. पण मलापण वाटते ना, इतक्या दिवसांनी काहीतरी आपलं होऊन राहिलं."

म्हणजे काय पणाला लागलं होतं, ते मला पूर्ण ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

होळीच्या थोडं आधी एका सकाळी मलमलीची थानं निघायची होती. बाबूजींच्या वेळचं एक गिऱ्हाईक होतं, तान्ह्या बाळांच्या रजयांचं दुकान चालवायचं. त्यांना झाडापाल्याच्या रंगातलीच छपाई लागायची, बाळाच्या अंगाला लागतं म्हणून. ते काम बगरूचा आमचा एक म्हातारा छपाईवाला करायचा. टेम्पो दारात उभा होता आणि भैया घाई करत होते. ती पावती बनवत होती. छपाईवाल्याच्या चौकोनाशी आली आणि सवयीनं तिचा हात भिंगाच्या बटणाकडे गेला.

मी माझ्या जागेवरून नंबर सांगितला.

कुणी विचारला नव्हता. बरेच दिवस कुणी विचारला नव्हता, म्हणूनच बहुधा मी सांगितला.

"थांबा काका, बटण दाबून पाहते, एक मिनिट."

"अगं, मी दिलेला नंबर आहे तो. भरवसा नाही का तुझा माझ्यावर?"

तिनं हात मागे घेतला आणि नंबर टाइप केला. शेजारच्या चौकोनात नाव उमटलं. ती ते वाचायला थांबली.

"काका, नाव वेगळं दिसून राहिलं."

"मुलाचं असेल. हे लोक म्हातारपणी मुलाच्या नावानं पेढी करतात. टाक तू."

हे मी अगदी ठामपणे सांगितलं, आणि त्यात तथ्यही होतं. सांगानेर-बगरूत अशा कितीतरी पेढ्या बापाकडून मुलाच्या नावावर गेलेल्या मी पाहिल्या होत्या. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पावती काढली. भैयांनी पावती घेतली, टेम्पो गेला. पण तो नंबर बदललेल्या नंबरांपैकी होता. नव्या यादीत त्या नंबरावर सांगानेरचा एक कारखानदार होता, आधुनिक, रासायनिक रंगांत टेबलावर छपाई करणारा. पावतीवरच्या डिझाइनप्रमाणे त्यानं मलमल छापली, झटपट आणि सुरेख.

कापड परत आलं तेव्हा सगळं कळलं. बगरूच्या म्हाताऱ्याचाही त्याच दिवशी फोन आला, की माल पाठवताय ना. रंग बघूनच भैयाजी खुर्चीत बसले. ते कापड त्या गिऱ्हाइकाला देता येणार नव्हतं आणि नवीन छापायला दिवस उरले नव्हते. बाबूजींनी दिलेला शब्द त्यांच्या मुलाच्या हातून पडला होता.

त्यांनी आम्हाला खोलीत बोलावलं. तिला, मला, भैयांना. ओरडले नाहीत. तिला एवढंच विचारलं, "मैडम, बटन दबाया था?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार नव्हती. पंगतीत मोठ्यांनी पहिला घास घेतला का, हे जसं धाकटं माणूस बघतं, तसं पाहिलं. मी बोलेन म्हणून ती थांबली होती. मी टेबलावरच्या मलमलीकडे बघत राहिलो. जणू छपाईत काही दोष शोधतो आहे.

"नहीं दबाया," ती म्हणाली. "मेरी गलती है."

खोलीतून बाहेर येताना मी मनाशी ठरवलं, की भैयाजी एकटे असताना त्यांना सांगायचं. हे मी स्वतःला फसवायला म्हणत नाही. मी खरंच ठरवलं होतं. आणि तशी संधी त्याच संध्याकाळी मिळाली, तीही त्यांनीच दिली. मला बोलावून त्यांनी दार लोटलं, समोर बसवलं आणि विचारलं, "काकासा, आप घर के आदमी हैं. सच बताइए. पूरा सिस्टम इनके हाथ में दे दूँ?"

मी म्हणालो, "अभी थोड़ी कच्ची हैं. थोड़ा रुक जाइए."

एवढंच. यापेक्षा वाईट मी काही बोललो नाही, आणि यापेक्षा जास्त बोलायची गरजही नव्हती. ज्या बाईनं त्या ऑफिसात एकटीनं प्रत्येक वेळी बटण दाबलं होतं, तिच्याबद्दल मी हे बोललो.

असं का बोललो याचा विचार मी पुष्कळ केला आहे. नंबर माझा होता हे बाहेर येईल ही भीती होती, ती तर होतीच. पण नुसती भीती असती तर मी गप्प बसलो असतो. मी बोललो, कारण सिस्टम तिच्या हाती गेलं असतं तर त्या ऑफिसात मला पुन्हा कुणी हाक मारून नंबर विचारला नसता. हे लिहायला मला सोपं गेलेलं नाही.

होळीनंतर तिला नमुन्यांच्या खोलीत बसवलं. कापडाचे तुकडे कापायचे, चिठ्ठ्या लावायच्या. पक्कं करण्याचं भैयाजींनी पुढच्या वर्षावर ढकललं. तिनं काही धुसफूस केली नाही. दुपारचा डबा आमचा तसाच चालू राहिला. एकदा मी कसंबसं "त्या दिवशी मी…" इतकं म्हटलं, तर तिनं हातानंच थांबवलं. "जाऊ द्या ना काका. तुमचं काय वय आहे का आता बोलणी खायचं?" आणि तिनं पाटवडी पुढे केली. मी ती खाल्ली. मला सुटल्यासारखं वाटलं, कारण ज्या चुकीबद्दल ती बोलत होती ती तिला माहीत असलेली चूक होती. बंद दारामागचं वाक्य तिला माहीत नव्हतं.

उन्हाळ्यात ती नवऱ्याबरोबर गेली. मुलीला कोचिंग अर्धवट सोडून नागपूरला आजीकडे जावं लागलं. मी आणि बायको स्टेशनवर गेलो होतो. बायकोनं दशम्या बांधून दिल्या. तिनं आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला, मुलीलाही करायला लावला. मुलगी रुसलेली होती, खिडकीशी जाऊन बसली. गाडी गेल्यावर आम्ही बाहेर गरम कचोरी खाल्ली आणि ती मला चांगली लागली. माणूस कसा असतो, त्याची मला तेव्हाही थोडी कल्पना आली.

त्यानंतर मी बटणाच्या बाबतीत फार कडक झालो. कुणी नंबर विचारला तर सांगायचो, "दूरबीन दबाओ." भैयाजींना वाटलं, काकासांनी त्या चुकीचा धडा सगळ्यांसाठी घेतला. बटण न दाबणाऱ्या मॅडमची गोष्ट तेव्हाच रूढ झाली. मी ती सुरू केली नाही. पण ती जिथे जिथे सांगितली गेली तिथे मी बसलेला होतो.

पुढची वर्षं चांगली गेली, हेही लिहायला हवं. मी तक्रार करायला बसलेलो नाही. निरोपाच्या दिवशी शाल मिळाली, गुडघे अजून चालतात, बायको आणि मी सकाळी कॉलनीतल्या बागेला फेऱ्या मारतो. रेल्वेचं तिकीट काढायचं असो की औषधं मागवायची, आता मीच मोबाइलवर करतो आणि जिथे भिंग दिसेल तिथे आधी ते दाबतो. नातू चिडवतो, की आजोबा स्वतःच्या गावाचं नावपण शोधून टाकतात. आणि तिचंही बरं झालं. मुलगी डॉक्टर झाली नाही, पण फिजिओथेरपी शिकली आणि नागपुरात चांगलं काम करते. सुरुवातीची एक-दोन वर्षं ती आईशी नीट बोलत नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. नवरा निवृत्त झाल्यावर तीही नागपूरला परतली आणि आता दुकानांतल्या, लहान ऑफिसांतल्या लोकांना असली सॉफ्टवेअरं शिकवते. संक्रांतीला आणि दिवाळीला न चुकता फोन करते.

दिवाळीत ऑफिसात ते ऐकून आल्यावर मी ठरवलं, की पुढच्या भेटीत सांगायचं. फोनवर नाही, समोरासमोर. आणि थंडीत ती आलीच. नवऱ्याच्या जुन्या सहकाऱ्याकडे लग्न होतं. आमच्याकडे जेवायला एकटीच आली. केस बरेच पांढरे झालेले, ते तिनं तसेच ठेवलेले. बायकोनं तांबडा रस्सा केला होता. पहिला घोट घेऊन ती म्हणाली, "काकू, हे तिखट नाही, हा नुसता रंग आहे." बायको इतकी खूश झाली की तिनं आणखी वाढलं.

जेवताना ती बायकोला सांगत होती की शिकवायला बसते तेव्हा ती आमच्या ऑफिसचीच उदाहरणं देते. नीळ टाकली की नीळवाले कसे येतात ते. "माझे एक काका होते, त्यांच्या डोक्यातलं आम्ही बटणात भरलं, असं सांगते मी." बायकोनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी भात कालवत होतो. बायकोसमोर नको, मी ठरवलं. पोचवायला जाईन तेव्हा.

गाडी फाटकाशी उभी होती. मी तिच्याबरोबर अंगणातून चालत गेलो. हवा छान होती, शेजारच्या गच्चीवर पोरं पतंग उडवत होती. मी फाटकाच्या कडीवर हात ठेवला आणि म्हणालो, "तुला एक सांगायचं होतं. ते मलमलीचं झालं तेव्हा…"

"मला माहीत आहे काका," ती म्हणाली.

माझा हात कडीवरच राहिला.

"भैयाजींनी तुम्हाला एकट्याला बोलावलं होतं त्या संध्याकाळी. मी पाहिलं होतं. तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकला असणार. नाहीतर त्यांनी मला तेव्हाच काढलं असतं. मी आमच्या घरीपण तेच सांगते, की काकांमुळे इज्जतीनं निघाली मी तिथून."

मी तोंड उघडलं. पतंग काटला गेला असावा, गच्चीवर एकच गलका झाला. तिनं वर पाहिलं, हसली, मग वाकून माझ्या पायांना हात लावला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "नीट जा. पोचलीस की फोन कर."

तिनं केला. बायकोनं घेतला, बराच वेळ बोलल्या दोघी. मी शेजारीच बसलो होतो.

त्या दिवशी फाटकाशी जे बोलायचं होतं ते तिच्यापर्यंत पोचलेलं नाही, म्हणून इथे लिहितो. पोरी, मी तुझ्यासाठी शब्द टाकला नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मी तुला कच्ची म्हणालो. नंबर माझा होता, नाव वेगळं दिसतंय हे तू मला सांगितलं होतंस, आणि हे सगळं माहीत असून मी तसं म्हणालो. तुझी पक्की नोकरी त्यामुळे गेली, आणि तुझी मुलगी तुझ्यावर रुसून बसली ती त्यामुळे. मला माफ कर.